केसपेपरावर न येणारे दुखणे

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे हा १८२२ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका जिवलगाच्या अंत्यविधीला स्कॉटलंडात हजर राहिला असता त्याची दृष्टी एकाएकी अंधुक झाली. आणि तेव्हापासून जवळजवळ पाव शतक त्याने आपल्या शरीराच्या ऱ्हासाची जी टिपणे रोजनिशीत लिहून ठेवली, ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीची, खुद्द रुग्णाने स्वहस्ते लिहिलेली, एक अत्यंत जुनी हकीकत वैद्यकाच्या अभ्यासकांच्या हाती आली. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को याने या व्याधीला १८६८ मध्ये स्वतंत्र नाव व रूप दिले, त्याच्या वीस वर्षे आधीच डेस्टे वारला होता, म्हणून आपल्या दुखण्याचे नाव त्याला कधीच कळले नाही. परंतु डोळे, पाय व बधिर झालेले अवयव यांच्याबरोबरच लघवीची अडचण, शौचाचा त्रास आणि स्त्रीसहवासातील क्षीण झालेले सामर्थ्य हेही त्याने त्याच टिपणांत, कोणताही आडपडदा न ठेवता नोंदले.

या टिपणांचे मला विशेष महत्त्व वाटते ते याच कारणाने. एखाद्याने आपल्या खासगी वहीत जे दोनशे वर्षांपूर्वी लिहिले, ते आपल्याकडच्या सुशिक्षित रुग्णाच्या तोंडून आजही डॉक्टरांच्या खोलीत निघत नाही. तपासणीला आलेली तरुणी सासू अगर नवरा शेजारी बसलेला असताना हाताला मुंग्या येतात हे सांगते, जिना चढताना पाय जड होतात हे सांगते, डोळ्यांपुढे धुके येते हेही सांगते. पण गेले सहा महिने लघवीला लागली की स्नानगृहापर्यंत पोहोचेतो कपडे ओले होतात, हे मात्र ती सांगत नाही. तिने ते सांगावे अशी अपेक्षा करणेच मुळात अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या व्याधीत मूत्राशयाचे व प्रजननसंस्थेचे विकार अपवादाने होतात असे नसून ते बहुसंख्यांना होतात, आणि जी गोष्ट बहुसंख्यांना होते ती विचारून घेणे हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे. ते रुग्णाच्या धीटपणावर सोपवून देण्याचा शिरस्ता आता मोडला पाहिजे.

व्याधीचे स्वरूप थोडक्यात सांगणे भाग आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मेंदूतील, नेत्रनाडीतील व मज्जारज्जूतील तंतूंभोवतीच्या मायलीन नामक आवरणावर हल्ला करते, ठिकठिकाणी ते आवरण झडते, व त्या त्या जागेवरून जाणारे संदेश मंदावतात किंवा थांबतात. जगात सुमारे २८ लाख लोकांना ही व्याधी असल्याचा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटीहून कमी नाहीत, आणि बहुतेकांना ती विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे लग्न, नोकरी व मुलेबाळे यांच्या ऐन काळात गाठते. हिंदुस्थानात हा रोग जवळजवळ नाहीच असे पूर्वी समजले जाई; पुढे मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात त्याचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक असल्याचे दाखवून दिले, १९८५ मध्ये मुंबईतच मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि एम.आर.आय. यंत्रे शहरोशहरी आल्यानंतर तर सर्व जातिधर्मांच्या घरांतून हे निदान होऊ लागले.

आता मूत्राशयाकडे वळू. हा अवयव आपल्याला इतका क्षुल्लक वाटतो की त्याच्या कारभाराची गुंतागुंत त्यात बिघाड झाल्याखेरीज ध्यानात येत नाही. चारपाचशे मिलिलिटर लघवी तासन्‌तास शांतपणे साठवून ठेवणे आणि योग्य वेळ व योग्य जागा मिळताच ती पूर्णपणे बाहेर टाकणे ही परस्परविरुद्ध दोन कामे त्याला करावी लागतात. त्यासाठी मेंदूचा पुढचा भाग अनुज्ञा देतो, मेंदूच्या देठातील एक केंद्र हुकूम सोडते, आणि तो हुकूम मज्जारज्जूची सारी लांबी उतरून त्याच्या तळच्या त्रिक विभागापर्यंत पोहोचला म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू आकुंचन पावतो व त्याच क्षणी मूत्रमार्गाच्या द्वाराचा स्नायू सैल पडतो. इतक्या लांबच्या वाटेवर या व्याधीचे डाग कोठेतरी पडणारच, आणि म्हणूनच दर पाच रुग्णांपैकी चौघांना केव्हा ना केव्हा लघवीचा विकार होतो. कुणाचे मूत्राशय थोडेसे भरताच आकसते व धीरच धरू देत नाही. कुणाचे इतके सुस्त होते की ते भरले तरी वर्दी जात नाही. आणि मज्जारज्जूवर डाग असलेल्या कित्येकांत हुकूमाची दोन टोके एकमेकांशी फटकून वागू लागतात, म्हणजे आत भिंत लघवी बाहेर लोटीत असते आणि त्याच वेळी द्वाराचा स्नायू, दरवाजा कुणी बाहेरून दाबून धरावा तसा, घट्ट मिटलेला असतो. या तिसऱ्या प्रकारात माणूस वारंवार जातो, ताटकळतो, थोडेसे होते आणि बरेचसे आतच उरते.

आत उरलेली ही लघवी हीच सर्व अनर्थाची जननी होय. घाई होणे आणि पूर्ण न होणे या दोन तक्रारींची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात, परंतु उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत: आकसणारे मूत्राशय शांत करणारी गोळी जर आधीच तुंबलेल्या मूत्राशयाला दिली तर तुंबारा वाढेल. सबब औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाला लघवी करून यावयास सांगून लगेच पोटाची सोनोग्राफी करावी आणि किती लघवी मागे उरली ते मोजावे. हे मोजमाप काही मिनिटांचे आहे, त्यात वेदना नाही, आणि ज्या तालुक्याच्या गावी एम.आर.आय.चे नावही नाही तेथेही आज सोनोग्राफीचे यंत्र असते. तरीसुद्धा कित्येक रुग्णांच्या जाडजूड फाइलींत मेंदूची चित्रे एकावर एक रचलेली आढळतात आणि हा एक आकडा मात्र कोठेच नसतो.

दरम्यान रुग्ण आपल्या बुद्धीने उपाय शोधून काढतो, आणि तो उपाय एकच असतो: पाणी पिणे सोडणे. उद्या एस.टी.ने गावी जायचे आहे म्हणून आजपासून तोंड कोरडे ठेवणारी, कचेरीत एकदाही उठावे लागू नये म्हणून सकाळचा चहादेखील टाकणारी स्त्री प्रत्येकाच्या नात्यात असेल. याला केवळ तिची भिडस्त वृत्ती कारण नाही. २०११ मध्ये मुंबईतील स्त्रियांच्या संघटनांना ‘राईट टू पी’ ही चळवळ उभारावी लागली ती धडधाकट बायकांसाठी, कारण त्यांनाही स्वच्छ, सुरक्षित व विनाशुल्क मुतारी मिळत नव्हती. मग जिला लघवी लागल्यापासून दोन मिनिटांचाही अवकाश मिळत नाही आणि जिचे पायही डगमगतात, तिने घराबाहेर कोणत्या भरवशावर पडावे? पण पाणी तोडल्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरवते, शौचाला कडक होते, कडक मळाचा दाब मूत्राशयावर पडतो, आणि तुंबून राहिलेल्या लघवीत जंतूंचे फावते.

जंतुसंसर्गाचा हा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने मांडीत आहे, कारण येथे होणारी गफलत फार महागात पडते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये असे नमूद केले की अंगमेहनत केली म्हणजे या रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. पुढे शरीर तापले म्हणजे हेच इतर लक्षणांबाबतही घडते असे दिसून आले, कारण आवरण झडलेल्या तंतूला थोडीशी उष्णतादेखील सोसत नाही. आता असे पाहा, की मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, अंगात कसर आली, आणि काल काठी घेऊन चालणारा माणूस आज बिछान्यावरून उठू शकेना. लघवीला जळजळ व्हावी तर तेथील संवेदनाच मुळात कमी झालेली, म्हणून तीही नाही. घरचे घाबरतात, ‘रीलॅप्स आला’, म्हणजे व्याधीचा नवा झटका आला, असे म्हणतात, आणि शिरेतून स्टेरॉइडचा भारी डोस सुरू होतो. वास्तविक मेंदूत नवा डाग पडलेला नसतो, जुन्याच डागांची लक्षणे तापाने उफाळलेली असतात. आणि स्टेरॉइड तर संसर्गाशी लढणारी शक्तीच दडपून टाकते, त्यामुळे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका उलट वाढतो. रुग्णाची शक्ती एकाएकी खालावली की सर्वप्रथम लघवीची तपासणी, हा नियम प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ करवून दिला पाहिजे. त्याच्या जोडीला दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती ही की कसलाही त्रास नसताना नुसते तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके खात सुटू नये, कारण त्याने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या वेळी औषध निकामी ठरते.

उपचारांची स्थिती निराशाजनक मुळीच नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, जे अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ पासून प्रचारात आणले. मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आहेत, मात्र त्यांतील जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो व स्मरणशक्तीवरही सावट येते, म्हणून ज्यांची बुद्धी व्याधीनेच थकलेली आहे त्यांना त्या जपून द्याव्या लागतात. गोळ्यांनी भागले नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देता येतात, ज्यांना अमेरिकेत मज्जाविकारजन्य मूत्राशयासाठी २०११ मध्ये मंजुरी मिळाली. परंतु लघवी मागे उरणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा दिलासा आहे तो दिवसातून ठराविक वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याचा. ही नळी पूर्णतः निर्जंतुक हातमोज्यांनीच घातली पाहिजे अशी पूर्वी समजूत होती. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जॅक लॅपिडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की साबणाने धुतलेले स्वच्छ हात व स्वच्छ नळी पुरते, कारण जंतूंच्या प्रवेशापेक्षा लघवीचे तुंबणे अधिक घातक असते. या एका विचाराने जगभरच्या असंख्य माणसांची मूत्रपिंडे वाचली. आपल्याकडे मात्र ‘नळी लागली’ हे वाक्य आजही माणूस संपल्याच्या सुरात उच्चारले जाते, आणि कायमची बांधून ठेवलेली नळी व स्वतः घालून लगेच काढलेली नळी यांतला जमीनअस्मानाचा फरक समजावून सांगायला कुणी परिचारिका अर्धा तास देत नाही. जिने ही गोष्ट आत्मसात केली तिला रात्रभर झोप मिळते, प्रवास करता येतो, पाणी पिता येते.

प्रजननाच्या प्रश्नावर तर याहूनही दाट मौन आहे, आणि त्यात दोन परस्परविरोधी सल्ले एकाच घरात नांदतात. कुणी म्हणतो, लग्न लावून द्या, सारे सुरळीत होईल. कुणी म्हणतो, हिने आयुष्यात मुलाचा विचार करू नये. पहिल्या सल्ल्यापायी निदान लपवून लग्ने होतात व पुढे दोन्ही घरे दुःखात बुडतात, याबद्दल कठोर बोलणे प्राप्त आहे. पण दुसरा सल्लाही खरा नव्हे. युरोपातील १२ देशांतल्या २५४ स्त्रियांच्या २६९ गर्भारपणांचा जो अभ्यास १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की गर्भधारणेपूर्वी वर्षाकाठी दर स्त्रीमागे ०.७ असलेले रीलॅप्सचे प्रमाण गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ०.२ वर उतरते, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ पर्यंत चढते, आणि नंतर पुन्हा पहिल्या पातळीवर येते. अंगावर पाजल्याने अथवा प्रसूतीच्या वेळी पाठीच्या कण्यात भूल दिल्याने त्यात वाढ झाल्याचे दिसले नाही. अर्थात आई होण्याची मनाई शास्त्र करीत नाही; ते पहिल्या तीन महिन्यांची तजवीज आधीपासून करून ठेवा, एवढेच सांगते. मुलाला हा रोग होईल ही भीतीही प्रमाणाबाहेर बाळगली जाते, कारण आईला किंवा वडिलांना तो असताना अपत्याला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच आहे.

या तजविजीत आपल्या रीतिभातींचाही विचार व्हावा. पहिलटकरीण माहेरी जाते ती बहुधा दुसऱ्या गावी, तिच्या मज्जाविकारतज्ज्ञाची कागदपत्रे राहतात शहरात, आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना या व्याधीचा पत्ताही नसतो. त्यातून बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊमाखू घालून शेगडीचा शेक व धुरी देण्याची आपली मायेची प्रथा. परंतु उष्णतेने जिचे हातपाय तात्पुरते गळून जातात तिला हा शेक म्हणजे शिक्षाच ठरते, आणि बाळ हातातून निसटण्याची भीती त्याहून मोठी. शेक-शेगडी या वेळी नको, हे आईला व आजीला आधी समजावून सांगितले तर त्या ऐकतात, कारण त्यांना लेकीचे सुखच हवे असते.

सर्वांत निकडीची बाब ही व्याधी आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांची आहे. टेरिफ्लुनोमाइड हे गर्भाला घातक असून ते बंद केल्यावरही त्याचा अंश शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतो, म्हणून मूल हवे असल्यास ते विशेष उपायांनी शरीरातून धुऊन काढावे लागते. फिंगोलिमोड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवावे लागते. क्लॅड्रिबिनच्या शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने संततिनियमन आवश्यक असते, आणि ते पुरुषानेही पाळावयाचे असते. सायक्लोफॉस्फमाइड व मायटॉक्सँट्रोन यांनी तर पाळीच कायमची जाऊ शकते. उलटपक्षी इंटरफेरॉन व ग्लॅटिरामर ही जुनी इंजेक्शने गर्भधारणेपर्यंत, कधी त्यापुढेही, चालू ठेवता येतात. दिवस गेल्याचे कळताच घाबरून स्वतःच्या मनाने औषध तोडणेही धोक्याचे, कारण नॅटॅलिझुमॅब वा फिंगोलिमोड अचानक थांबवल्यास रोग दुप्पट जोराने उसळल्याची उदाहरणे आहेत. इतका सगळा तपशील ज्या निर्णयाला चिकटलेला आहे तो निर्णय, ‘तुम्हाला मूल हवे आहे का, आणि केव्हा’ हे त्या स्त्रीला एकटीला, घरच्या माणसांना क्षणभर बाहेर बसवून, विचारल्याशिवाय कसा घेतला जातो? बापाने उत्तर द्यावे, नवऱ्याने द्यावे, आणि औषध मात्र तिच्या देहात जावे, ही पद्धत मला सर्वस्वी अमान्य आहे.

आणि कामजीवनाचे काय? निम्म्याहून अधिक पुरुष रुग्णांना उत्थानाची अडचण येते. स्त्रियांत संवेदना नाहीशी होणे, कोरडेपणा, सुखाचा लोप हे सर्व घडते. त्यात थकवा, पायांचा ताठरपणा व ऐन वेळी लघवी होईल ही धास्ती यांची भर पडते. यांत नवऱ्याचे मन उडाले नाही की बायको गर्विष्ठ झाली नाही. मज्जारज्जूवर डाग पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे एक वाक्य योग्य वेळी उच्चारले गेले तर कित्येक संसारांतील संशय मिटेल. उपायही आहेत, सिल्डेनाफिलसारखी औषधे आहेत, वंगणे आहेत, संबंधापूर्वी मूत्राशय रिकामे करण्यासारख्या साध्या गोष्टी आहेत. ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे कामजीवनाविषयी मोकळेपणाने लिहिणारे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले आणि ज्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, त्या महाराष्ट्राच्या रुग्णालयांत हा विषय उच्चारताना डॉक्टरांनीच खाली पाहावे याचा मला खेद होतो.

सरकारी दप्तराचीही गोष्ट यापासून वेगळी नाही. या व्याधीची तीव्रता मोजण्याचे जे कोष्टक जगभर चालते ते जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये सुधारून दिले. त्यात मूत्राशय व आतडी यांना स्वतंत्र रकाना आहे, परंतु शून्य ते दहाच्या त्या मापावर चारच्या पुढे गेले की गुण ठरतो तो मुख्यतः माणूस किती मीटर चालू शकतो यावरून. म्हणजे पाचशे मीटर चालणारी पण दर अर्ध्या तासाला धावणारी शिक्षिका कागदावर बरीच बरी ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले ही मोठी गोष्ट झाली; पण आरक्षणादी लाभांसाठी ४० टक्क्यांची जी अट आहे ती तपासणाऱ्या मंडळापुढे ही शिक्षिका उभी राहते तेव्हा तिचे पाय पाहिले जातात. मूत्राशयाचे मोजमाप, उरलेल्या लघवीचा आकडा व दिवसातील खेपांची नोंद यांना त्या प्रमाणपत्रात वजन मिळेल अशी स्पष्ट तरतूद झाली पाहिजे. तसेच आयुष्मान भारतसारख्या सरकारी विमा योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा खर्च भागवतात. दर महिन्याला लागणाऱ्या नळ्या, मोठ्या माणसांचे डायपर व कायमच्या गोळ्या हा सारा खर्च घरबसल्या होतो, म्हणून तो रुग्णाच्याच पदरी पडतो, आणि तो न झेपल्याने मूत्रपिंडाचा संसर्ग झाला म्हणजे मग दाखल करून त्याच्या अनेक पट रक्कम मोजायला योजना तयार असते. जिल्हा रुग्णालयातून नोंदणीकृत रुग्णाला महिन्याच्या नळ्या विनामूल्य देण्याची मागणी रुग्णसंघटनांनी व त्यांच्या डॉक्टरांनी संयुक्तपणे शासनाकडे करावी, आणि त्याच अर्जात बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरावर लघवी, शौच, पाळी, संबंध व अपत्याची इच्छा यांचे पाच रकाने छापून घेण्याचीही मागणी करावी, म्हणजे विचारणाऱ्याला संकोच वाटला तरी कागद त्याला विचारायला लावील.